टोक साफ आहे ना?

कमिटी यायची म्हणून कॉलेजनं प्रयोगशाळेला रंग काढला आणि सगळा घोळ तिथंच झाला. कमिटीला काम बघायचं असतं, भिंती नाही, हे आपल्याकडे कुणाला पटेल तर शपथ. पाहुणा म्हटलं की आधी चुना. रंगाऱ्यांची एक भिंत राहिली होती. ती उरकायला ते कमिटीच्या दिवशीच सकाळी आले, भिंतीलगतचं टेबल त्यांनी जरासं सरकवलं, आणि टेबलावरच्या यंत्रातला काचेचा धागा टोकापाशी तुटला. केसाहून थोडाच जाड धागा तो. तुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

साडेदहाला धम्मपालच्या ते लक्षात आलं. कमिटी अकराला यायची होती.

धम्मपाल मूळचा साचेवाला, म्हणजे कापडगिरणीत माग चालवणारा. वडील बाबूराव महूच्या पलटणीतून निवृत्त झालेले. पोरानं वर्दी चढवावी ही त्यांची इच्छा, पण पोराला गिरणीच्या भोंग्याची ओढ. इंदूरच्या त्या गिरणीत त्यानं एकोणीस वर्षं साचे चालवले. मग ब्याण्णव साली गिरणी बंद पडली. ‘लवकरच चालू होणार’ असं सांगता सांगता गेटचं कुलूप गंजलं, आणि ज्यांच्या हातांनी हजारो वार कापड काढलं ते हात शेव पॅक करू लागले, मांडवाचे बांबू बांधू लागले, बंगल्यांच्या फाटकावर काठी धरून बसू लागले. धम्मपालनंही यातलं सगळं केलं. नवी कंपनी येतेय, नवी गाडी येतेय, नवा जमाना येतोय असं पेपरात रोज छापून यायचं. या जमान्याला साचेवाला कशासाठी हवा असेल, हे मात्र कुठल्याच पेपरात नसायचं.

तो हवा होता एकाच ठिकाणी, आणि तेही योगायोगानं. खंडवा रोडवरच्या एका कॉलेजात शैलजाबाई फिजिक्स शिकवायच्या. बाई सांगलीकडच्या, नोकरीसाठी इथं एकट्या राहणाऱ्या, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. त्यांच्या संशोधनासाठी काचेचा धागा पितळेच्या ड्रमवर गुंडाळायचा होता, सगळीकडे एकाच ताणानं. डिप्लोमावाल्या तीन जणांनी मिळून एका महिन्यात इतका धागा तोडला की बाई रडकुंडीला आल्या. तेव्हा कॉलेजचे स्टोअरकीपर शंकरराव म्हणाले, “मॅडम, आमच्या गल्लीत एक साचेवाला आहे. दोरा तुटूच देत नाही.” धम्मपाल आला, त्यानं धागा चिमटीत घेतला, डोळे मिटले आणि पाऊण तासात ड्रम भरून दिला. एकदाही न तोडता.

बाईंनी त्याला पहिल्याच आठवड्यात सगळं समजावून सांगितलं होतं. ही त्यांची खोड. काम सांगायचं तर कशासाठी तेही सांगायचं.

“उजेडाला चाली असतात, इंग्रजीत मोड म्हणतात त्यांना, धम्मपालजी,” त्या म्हणाल्या. ‘जी’ लावायला त्या इंदुरात शिकल्या होत्या. “धागा फार बारीक असला तर उजेड एकाच चालीनं जातो, पण मग मावतो थोडा. जरा जाड घेतला की भरपूर मावतो, पण शंभर चालींनी जातो. कुणी सरळ, कुणी कडेला आपटत. पलीकडे पोचेपर्यंत सगळ्यांची खिचडी. आपल्याला जाड धाग्यात उजेड एकाच चालीनं चालवायचाय, आणि धागा वाकवला तरी ती चाल मोडू द्यायची नाही.”

“त्यानं काय होईल मॅडमजी?”

“टेलिफोनवाल्यांना तर हे हवंच आहे. पण मला पाहिजे डॉक्टरांसाठी. फुफ्फुसाच्या बारीक फांद्यांत आजची नळी शिरत नाही. हा एक धागा शिरेल, आणि आतलं दिसेल.”

धम्मपालला गिरणीतला त्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, संताजी आठवला. कापसाची धूळ खाऊन खोकून खोकून गेला, आणि शेवटपर्यंत डॉक्टर म्हणत राहिले की आत काय आहे ते नीट कळत नाही. उजेडाचं गणित त्याला कळलं नाही, पण कामाचं मर्म लगेच कळलं. “म्हणजे ताण सगळीकडे एक पाहिजे. ढिल्ला बी नाही, टाइट बी नाही. ये तो मिल का ही काम है मॅडमजी.”

ताण, ड्रम, धाग्याला हलकेच दाबणारे स्क्रू, हे सगळं साधत गेलं. उरलं धाग्याचं टोक, जिथून लाल लेझर आत शिरायचा. ते टोक सरळ कापलेलं हवं आणि स्वच्छ हवं. टोकावर जरा जरी पापुद्रा असला तर उजेड दारातच अडखळतो आणि तिथूनच शंभर चाली धरतो, मग पुढे ड्रम कितीही नीट गुंडाळलेला असो. पलीकडच्या पडद्यावर गोल, नितळ ठिपका पडला म्हणजे एक चाल साधली, आणि रवा सांडल्यासारखे दाणे दिसले म्हणजे खिचडी झाली. म्हणून बाईंनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं की धागा तोंडाजवळ नेऊ नये. काचेची कुसळं पोटात जायची भीती, आणि थुंकी वाळली की टोकावर साय धरते ती वेगळीच.

ही सूचना धम्मपालसाठीच होती, कारण साचेवाल्याचं तोंड धाग्याला लागतंच. गिरणीत आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी भरली की धोट्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वासानं दोरा बाहेर ओढायचा. दिवसातून दोनशे वेळा. त्याचे ओठ दोऱ्याचं टोक बोटांपेक्षा चांगलं ओळखायचे. आणि अलीकडे ओठांवाचून त्याचं भागतच नव्हतं, कारण त्याला जवळचं दिसेनासं झालं होतं.

त्यात काही जगावेगळं नव्हतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी बहुतेकांना दिसेनासं होतं. माणूस दुकानात जातो, चष्मा घेतो, प्रश्न मिटतो. पण धम्मपालच्या साचेखात्यात एक अलिखित कायदा होता. ज्याला चष्मा लागला त्याचा साचा गेला. नाकावर चष्मा दिसला की दुसऱ्या दिवशी जॉबर हातात झाडू द्यायचा, आणि झाडूवाला म्हणजे छाटणीत पहिला. त्यामुळे तिथं पन्नाशीचे गडी दोरा चाचपून चाचपून साचे चालवायचे, पण चष्म्याचं नाव काढायचे नाहीत. साहेबाच्या नाकावरचा चष्मा म्हणजे शिक्षण, कामगाराच्या नाकावरचा चष्मा म्हणजे राजीनामा. गिरणी सहा वर्षांपूर्वी मेली होती, पण तिचा हा कायदा धम्मपालच्या डोक्यात ठणठणीत जिवंत होता.

त्याची बायको पंचशीला त्याला दर आठवड्याला टोचायची. “खजरान्याला मंदिरापाशी डोळ्यांचं शिबिर लागलंय. चलो ना.”

“माझे डोळे चांगले आहेत.”

“हो, दिसतंय ना. पेपर किती लांब धरलाय? आणखी लांब धरायचा तर हात भाड्यानं आणावा लागेल.”

तो चिडायचा, पेपर घडी करून ठेवायचा. तिला कसं सांगणार? तो अजून रोजंदारीवर होता. कमिटीनं काम पास केलं तर प्रकल्प आणखी तीन वर्षं चालणार होता, आणि कायम तंत्रज्ञाची एक जागा निघणार होती. बाईंनी त्या जागेसमोर त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. नापास झालं तर महिनाअखेरीला प्रयोगशाळेला कुलूप. एक कुलूप बघून झालं होतं. दुसरं बघायची त्याच्यात ताकद नव्हती, आणि अशा वेळी आंधळा ठरायला तो काही मूर्ख नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

तर साडेदहा वाजले होते.

धागा सोलणं आणि कापणं त्यानं बोटांवर केलं. पात्याचा हलका ओरखडा, मग सरळ ओढ. स्पिरिटच्या कापसानं टोक पुसलं. इथवर ठीक. आता ते टोक एका छोट्या पितळी नळीत ओवायचं होतं, आणि नळीचं भोक धाग्याएवढंच. एरवी हे काम तो बाई वर्गावर गेल्या की खिडकीपाशी बसून करायचा. वीस वेळा चुकायचा, ओठाला टोक लावून अंदाज घ्यायचा, एकविसाव्या वेळी साधायचं. मग पुन्हा स्पिरिटनं पुसून ठेवायचा. बाईंना नेहमी स्वच्छ टोक तयार मिळायचं. त्यामागचे वीस प्रयत्न त्यांना दिसायचे नाहीत, असं तो समजून होता.

आज वीस प्रयत्नांना वेळ नव्हता. रंगाच्या वासानं डोळ्यांना पाणी येत होतं. नळी धुरकट, धागा तर नाहीच.

बाईंनी दारातून डोकावलं. “होईल ना?”

“हो रहा है मॅडमजी.”

पाचदा चुकलं, दहादा चुकलं. व्हरांड्यात बुटांचे आवाज आले, प्रिन्सिपॉलसाहेबांचं मोठ्यानं हसणं आलं. तेव्हा त्यानं टोक ओठांत धरून ओलं केलं, नळीच्या तोंडाशी टेकवलं, पलीकडच्या बाजूनं नळीला ओठ लावले आणि श्वास आत ओढला. धागा सुळकन आत गेला. एकोणीस वर्षांची सवय एका श्वासात कामाला आली. त्यानं नळी जागेवर बसवली, स्क्रू आवळला आणि स्पिरिटच्या बाटलीकडे हात नेला. तेवढ्यात दार उघडलं.

पाच माणसं आत आली. मागून बाई, नव्या साडीत, घामेजलेल्या. त्या थेट त्याच्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “टोक साफ आहे ना?”

“हो मॅडमजी. साफ आहे.”

हे उत्तर त्यानं ठरवून दिलं नाही. तोंडातून निघून गेलं. पण निघून गेलेलं परत घेता आलं असतं, आणि ते त्यानं घेतलं नाही.

लेझर लागला. पडद्यावर ठिपका पडलाच नाही. पडला तो सांडलेला लाल रवा. बाईंनी स्क्रू फिरवले, दाणे हलले, पण मिळून येईनात. त्यांनी ड्रम तपासला, दाब सोडला, पुन्हा दिला. कमिटीतल्या एकानं घड्याळ बघितलं. अध्यक्ष वयस्कर होते, सभ्य होते. ते म्हणाले, “मॅडम, थिअरी तो यही कहती है. मोटे फायबर में मोड मिक्स होंगे ही.”

“सर, काल संध्याकाळपर्यंत गोल ठिपका होता.”

“जरूर रहा होगा,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या त्या समजूतदारपणानं बाईंचा चेहरा उतरला.

धम्मपाल भिंतीला टेकून उभा होता. पाठीला ओला रंग चिकटला होता. बाई पुन्हा त्याच्याकडे आल्या. “धम्मपालजी, टोक बदलून बघायचं का? दहा मिनिटं मागून घेते मी.”

हाच तो क्षण. एक बोळा, दोन थेंब स्पिरिट, एवढंच हवं होतं. पण पुसायचं म्हणजे आधीचं ‘साफ आहे’ खोटं होतं हे कबूल करायचं, आणि बदलायचं म्हणजे या पाच जणांसमोर, या उजेडात, बसून नळीत धागा ओवायचा. वीस वेळा चुकायचं. त्याला संताजीच्या हातातला झाडू दिसला, तो त्याच्याकडे पुढे केलेला.

“टोक एकदम बढिया आहे मॅडमजी. दुसरंच काही आहे.”

“तुम्ही म्हणता म्हणजे असेल,” त्या म्हणाल्या. त्याच्या टोकावर त्यांनी दोन वर्षांत कधी शंका घेतली नव्हती.

अर्ध्या तासानं कमिटी चहाला गेली. निर्णय चहाबरोबरच झाला. अहवालाखाली बाईंचंही मत हवं होतं. त्या खोटं लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. ‘तत्त्व प्रत्यक्षात टिकलं नाही’ असं लिहून त्यांनी सही केली.

पुढचे चार दिवस धम्मपालच्या घशाखाली घास उतरला नाही. पंचशीलानं पोहे केले, वर शेव घातली, पुढ्यात ठेवले, आणि तासाभरानं तसेच उचलले. “एक जागा गेली, दुसरी भेटेल,” ती म्हणाली. तिला वाटलं, नोकरीचं दुःख आहे. त्याला तेही होतंच. पण त्याच्याखाली दुसरं होतं, आणि ते उपडं करून दाखवायची त्याला लाज वाटत होती. बाई व्हरांड्यातून जाताना आता प्रयोगशाळेकडे बघत नसत. आपलं गणितच चुकलं असं धरून चाललेल्या माणसाची मान कशी खाली जाते, ते त्यानं त्या चार दिवसांत बघितलं.

पाचव्या दिवशी त्याला सामान बांधायला सांगितलं होतं. दुपारची वेळ. त्यानं दार लोटून घेतलं, नळी काढली, स्पिरिटच्या बोळ्यानं टोक तीनदा पुसलं, परत बसवलं आणि लेझर लावला.

पडद्यावर ठिपका पडला. गोल, नितळ, कडेपर्यंत एकसारखा. लांबचं त्याला स्वच्छ दिसायचं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. त्यानं धागा बोटाभोवती सैल वळवला. ठिपका हलला नाही. धम्मपालनं हातातला बोळा खाली ठेवला. तो स्टुलावर बसला.

बंद करून टाकलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. ड्रम खोक्यात, खोकं स्टोअरमध्ये, विषय संपला. तो अर्धा तास तसाच बसून राहिला. मग उठला आणि वर्गाच्या दाराशी जाऊन बाईंना बोलावून आणलं.

शैलजाबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी धागा वाकवला, मनगटाभोवती एक वेढा घेतला. ठिपका गोलच. त्यांना आधी आनंद झाला, लहान मुलीसारखा, आणि तो धम्मपालला बघवेना.

“काय बदललंत?”

“काही नाही मॅडमजी. पुसलं फक्त.”

मग त्यानं सगळं सांगितलं. ओठ, नळी, श्वास. डोळे. गिरणीतला चष्मा आणि झाडू. एकदा सुरू झाल्यावर त्यानं काहीच मागे ठेवलं नाही. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“मी विचारलं होतं तुम्हाला. टोक बदलू का म्हणून.”

“हो.”

“दोनदा विचारलं.”

“हो मॅडमजी. मला वाटलं, चष्मा लागला हे कळलं तर आपण मला काढून टाकाल.”

बाईंनी मनगटाभोवतीचा वेढा सोडवला. मग म्हणाल्या, “तुम्हाला जवळचं दिसत नाही हे मला दिवाळीपासून माहीत आहे.”

त्यानं मान वर केली.

“खिडकीत बसून वीस-वीस वेळा ओवता तुम्ही. व्हरांड्यातून दिसतं. पुढच्या वर्षीच्या यादीत मी एक सूक्ष्मदर्शक लिहिला होता, टीव्हीसारख्या पडद्याचा. तुमच्यासाठी. बोलले नाही, म्हटलं तुम्हाला वाईट वाटेल.” त्यांनी स्वतःचा चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. “चष्म्यासाठी कुणी कुणाला काढतं का, धम्मपालजी? मी चौथीत असल्यापासून लावतेय.”

धम्मपालला रडू कोसळलं. गिरणी बंद पडली तेव्हा तो रडला नव्हता, बाबूराव गेले तेव्हाही नाही. “मी लिहून देतो मॅडमजी. सही करतो. गलती मेरी आहे, ठिपका येतो, असं कळवा त्यांना.”

बाईंनी त्याच्यासमोरच अध्यक्षांना फोन लावला. आधी उत्साहानं बोलल्या, मग समजावून बोलल्या, मग नुसतंच ‘हो सर, हो सर’ म्हणत राहिल्या. फोन ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

“काय म्हणाले?”

“हसले. वाईट नाही हसले. म्हणाले, कमिटी गेल्यावर सगळ्यांचंच चालायला लागतं.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “आणि माझ्याच सहीचं सांगितलं त्यांनी. तत्त्व टिकलं नाही, हे आपणच लिहिलंय म्हणाले.”

त्याची सही घेऊन त्यांनी पत्रही पाठवलं. विषय बंद झाला आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. महिनाअखेरीला खोलीला कुलूप लागलं. बाई सांगलीला परत गेल्या. जाताना त्यांनी धम्मपालला चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र दिलं, त्याच्या घरच्यांची चौकशी केली. एकही वाकडा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला फार वाटलं.

पुढच्या सोमवारी तो स्वतःहून जुन्या इंदुरातल्या एका चष्म्याच्या दुकानात गेला. आता भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुकानदारानं त्याला बाकावर बसवलं, डोळ्यांवर जड लोखंडी चौकट चढवली, एकामागून एक भिंगं बदलली. चौथ्या भिंगाला त्याला स्वतःच्या हातावरच्या रेषा दिसल्या. बोटांवरचे काचेचे बारीक ओरखडेसुद्धा दिसले.

“नंबर तो मिल गया,” दुकानदार कागदावर लिहीत म्हणाला. “बस ये बताओ भिया, काम कौन सा करते हो? बारीक वाला है तो थोडा पास का बनाऊँ.”

धम्मपालनं आपल्या हातांकडे बघितलं.

“बारीकच होतं,” तो म्हणाला.